प्रदर्शनाचं पोस्टर: फुकट करावं का, आणि करायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा: एका एजन्सीत नोकरी करणारा ग्राफिक डिझायनर. ओळखीचे चित्रकार आणि कलामंडळं त्याला प्रदर्शनांची पोस्टर्स करायला सांगतात, पैसे जेमतेम किंवा अजिबात नाहीत. स्वतःची पोस्टर्सही कधीतरी भिंतीवर लागावीत असं त्याच्या मनात आहे. यातून काही उभं राहतं का, फुकट कामं घ्यावीत का, आणि चांगलं पोस्टर करायचं कसं?

पैशांसाठी या वाटेला जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. स्थानिक प्रदर्शनांवर घर चालवणारा डिझायनर मी पाहिलेला नाही. पण नोकरीत जे सहसा मिळत नाही ते इथे मिळतं: अख्खं काम एका हातात. एजन्सीत तुम्ही कुणीतरी ठरवलेल्या कल्पनेचे वेगवेगळे साइझ काढता, मजकूर दुसऱ्याचा, छपाई तिसऱ्याची, आणि बघणारा माणूस तर कधी दिसतच नाही. इथे मजकूर तुम्ही कापता, कागद तुम्ही निवडता, मशीनशी तुम्ही उभे राहता आणि उद्घाटनाच्या दिवशी दाराशी थांबलात तर माणूस नेमकं काय वाचून आत वळतोय हेही कळतं. यासाठी ही कामं घ्या. आणि हे मिळत नसेल, म्हणजे मजकूर ठरलेला, चित्र ठरलेलं, 'फक्त नीट मांडून द्या' असा मामला असेल, तर फुकटच काय, निम्म्या पैशातही घेऊ नका.

फुकट कामाबद्दल माझं मत लोकांना जरा कडक वाटतं. पैसे नसतील तर अटी वाढल्या पाहिजेत, आपल्याकडे नेमकं उलटं होतं. फुकट करतोय म्हणून डिझायनर गप्प बसतो आणि फुकट मिळतंय म्हणून समितीतले सगळे जण बोलतात. त्यामुळे काम सुरू करण्याआधी एक छोटा मेल पाठवा. मंजुरी एकच व्यक्ती देईल, तिचं नाव लिहा. मजकूर अंतिम झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. पोस्टरवर खाली बारीक अक्षरात डिझायनरचं नाव येईल. छापलेल्या काही प्रती तुम्हाला मिळतील आणि तुमच्या कामाच्या प्रदर्शनात हे पोस्टर लावायची मुभा असेल. शिवाय बिल द्याच. पूर्ण रक्कम लिहून खाली तेवढीच सवलत दाखवा. पुढच्या वर्षी मंडळाला देणगीदार मिळाला की तोच कागद कामाला येतो, नाहीतर 'गेल्या वेळी तर असंच केलं होतंत' हे ऐकावं लागतं.

मिल्टन ग्लेसर या अमेरिकन डिझायनरचं न्यूयॉर्कसाठी केलेलं लाल हृदयाचं चिन्ह सगळ्यांना माहीत असतं. १९७० च्या दशकातलं ते काम त्याने मोबदला न घेता केलं, आणि फुकट कामाचं समर्थन करताना त्याचं नाव हटकून पुढे केलं जातं. पण तेव्हा तो पुश पिन या डिझाइन स्टुडिओचा सहसंस्थापक म्हणून नावाजलेला होता, न्यूयॉर्क मासिक सुरू करणाऱ्यांपैकी एक होता, आणि फुकट करायचं हे त्याने स्वतः ठरवलं होतं. दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलाला 'तुला एक्स्पोजर मिळेल' म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता पोस्टरकडे येऊ. प्रदर्शनाचं पोस्टर सहसा सॉफ्टवेअरमध्ये बिघडत नाही, ते मजकुरातच बिघडलेलं असतं. समितीकडून साधारण असा मजकूर येतो: 'कलारसिकांना आग्रहाचे निमंत्रण. अमुक कलामंडळ आयोजित व तमुक संस्थेच्या संयुक्त विद्यमाने ज्येष्ठ व नवोदित चित्रकारांच्या जलरंग, तैलरंग व मिश्र माध्यमातील निवडक कलाकृतींचे भव्य सामूहिक चित्रप्रदर्शन.' त्याखाली उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, बारा चित्रकारांची नावं आणि पाच लोगो. हे निमंत्रणपत्रिकेचं लिखाण आहे, पत्रिका हातात धरून वाचतात. पोस्टर चालता चालता वाचतात.

मी अशा वेळी समितीला एकच प्रश्न विचारतो: या प्रदर्शनाचं नाव काय? 'सामूहिक चित्रप्रदर्शन' हे नाव नाही, ती जात झाली. खोदून विचारलं की बरंच काही निघतं. समजा, बाराजणांपैकी बहुतेकांनी पावसाळ्यातल्या भिंती, शेवाळ, भिजलेले कागद असं काहीतरी रंगवलंय. मग नाव 'ओल' होऊ शकतं. दोन अक्षरं. आता पोस्टरला हाड मिळालं. 'ओल' लांबूनही दिसेल इतकं मोठं. त्याखाली 'बारा चित्रकार'. मग तारखा, वार, वेळ, जागा, प्रवेश विनामूल्य. बाराही नावं हातभराच्या अंतरावरून वाचता येतील अशा आकारात, एकाच वजनात, आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने. ज्येष्ठता लावायला गेलात तर प्रदर्शन राहील बाजूला, भांडण सुरू होईल. 'भव्य', 'निवडक', 'संयुक्त विद्यमाने' यांना रजा. उद्घाटकांचं नाव पत्रिकेवर जाऊ द्या. लोगो लागणारच असतील तर सगळे एका रंगात, तळाशी एका ओळीत, एकाच उंचीचे.

काढून टाकण्याच्या या कामाची एक जुनी गोष्ट सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रीस्टर या काडेपेटीच्या कंपनीने पोस्टर-स्पर्धा ठेवली. लुसियन बर्नहार्ड या तरुणाने चित्रात टेबल, राखदाणी, सिगार आणि कुठून कुठून बरंच काही काढलं होतं. कुणीतरी विचारलं, ही सिगारची जाहिरात का? मग त्याने एकेक वस्तू पुसत नेली आणि शेवटी उरल्या दोन काड्या आणि कंपनीचं नाव. ते पोस्टर जिंकलं, आणि 'वस्तू आणि नाव, बास' अशी जर्मन पोस्टरची एक शैलीच त्यातून उभी राहिली. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पोस्टर मात्र आजही बघण्यासारखं आहे.

चित्र कुठलं घ्यायचं यावरून सामूहिक प्रदर्शनात हमखास गाडी अडते. बाराजणांची बारा चित्रं पोस्टाच्या तिकिटांसारखी मांडणं हा सगळ्यांना खूश करणारा आणि पोस्टर मारणारा उपाय. एकाचं चित्र घेतलं तर अकराजण नाराज. माझा कल असतो कुणाचंच अख्खं चित्र न घेण्याकडे. एखाद्या चित्राचा दोन बोटं रुंदीचा तुकडा इतका मोठा करायचा की रंगाचा थर, ब्रशचा ओरखडा दिसेल, किंवा मग निव्वळ अक्षरांचं पोस्टर. एकल प्रदर्शनात चित्र लागतंच, पण ते कापण्याआधी चित्रकाराला विचारा. चित्राच्या चौकटीवर त्याने महिने घालवलेले असतात आणि त्याच्या चित्राचा हक्क त्याचाच असतो, पोस्टर तुम्ही केलंत म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. चित्रावर मजकूर तर टाकूच नका. अगदी कोपऱ्यातल्या 'रिकाम्या' आकाशावरही नाही, कारण चित्रकारासाठी ते रिकामं नसतं.

तीन अंतरांवरून तपासायचं हा जुना नियम अजून खरा आहे: रस्त्यापलीकडून नाव, चार पावलांवरून तारीख आणि जागा, हातभरावरून बाकीचं. हल्ली त्यात चौथं अंतर आलंय, मोबाइलचं. बहुतेक लोक पोस्टर पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याएवढं बघतात. त्यासाठी छापायचं पोस्टर दाबून बसवू नका, नाव आणि तारीख एवढ्यावरच उभी मांडणी वेगळी करा. आणि पाठवण्याआधी तारीख आणि वार जुळतात का हे कॅलेंडर उघडून बघा. प्रदर्शनांच्या पोस्टरवर सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडतात, त्याखालोखाल उद्घाटनाची वेळ आणि रोजची वेळ यांच्या सरमिसळीत.

देवनागरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पोस्टर-डिझाइनचं शिक्षण बहुतेक रोमन अक्षरांवर होतं आणि तिथल्या सवयी इथे अंगाशी येतात. रोमन कॅपिटल अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ती ऐटदार दिसतात. देवनागरीत तेच ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शब्द रुंद हवा असेल तर रुंद फाँट घ्या किंवा अक्षरं स्वतः काढा. ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीत 'कू' किंवा 'तृ' असेल आणि बरोबर त्याखाली 'र्की' आलं, की उकार आणि रफार एकमेकांच्या अंगावर जातात. लहान मजकुरात अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करावी. मोठ्या शीर्षकात मात्र प्रत्येक ओळ हाताने सरकवून बसवावी लागते, आकड्यावर सोडता येत नाही.

वरचं 'ओल' घ्या. बरेच देवनागरी फाँट मुळात हिंदी वळणाचा 'ल' दाखवतात, उजव्या दांड्याला टेकलेला. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा आणि मधे देठ असलेला. 'श'चंही तसंच. चांगल्या युनिकोड फाँटमध्ये मराठी रूप आत असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ते वर येतं, आणि काही ठिकाणी तेवढ्यानेही येत नाही, ग्लिफ पॅनेलमधून, म्हणजे फाँटमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या तक्त्यातून, हाताने उचलावं लागतं. दोन अक्षरांच्या नावातलं एक अक्षर परकं दिसलं तर ते फुटभर आकारात चांगलंच खटकतं. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरपैकी पहिल्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि दुसऱ्यात इंडिक पर्याय, या सेटिंग सुरू केल्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, हे बहुतेकांना ठेच लागूनच कळतं. समितीतल्या काकांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिला तर कन्व्हर्टरवर विसंबू नका. रफार आणि अनुस्वार हटकून इकडेतिकडे झालेले असतात, म्हणून चित्रकारांची नावं त्यांच्याकडूनच तपासून घ्या. छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे निव्वळ आकार होतात आणि फाँट लागत नाही, पण मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. तारीख बदलते. नेहमीच बदलते.

छपाईचं लवकर आटपतो. आकार ए३ (२९७ × ४२० मिमी) किंवा ए२ (४२० × ५९४ मिमी). चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई. ए३ ला ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला १५० पुरतं. बारीक अक्षरं निव्वळ काळ्या शाईत, चार रंग मिसळून नव्हे, नाहीतर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची बसवणी, जरासं हललं की कडेला रंगीत सावली येते. उलट मोठा काळा पट्टा निव्वळ काळ्या शाईत राखाडी वाटतो, त्यात थोडी निळी आणि इतर शाई मिसळावी. चित्रकाराला एक गोष्ट आधीच सांगा: त्याचा झगझगीत केशरी आणि अल्ट्रामरीन निळा चार रंगांच्या छपाईत तसा येणार नाही, कारण त्या शायांचा आवाका तेवढाच आहे. प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, बघून त्याने सही केली की उद्घाटनाला तोंड चुकवावं लागत नाही.

प्रती थोड्या आणि रंग दोन-तीनच असतील तर रिसोग्राफ बघा. जपानच्या रिसो कंपनीने १९८० मध्ये आणलेलं हे यंत्र मुळात कार्यालयं आणि शाळांच्या स्वस्त प्रतींसाठी होतं, पुढे डिझायनरांनी ते पळवलं. स्टेन्सिल कापलं जातं, एका ड्रममध्ये एक रंग, दोन रंग एकमेकांवर पडले की तिसरा तयार. फ्लोरोसंट गुलाबी मिळतो, जो चार रंगांत कधीच येत नाही. पण ए३ च्या पुढे जाता येत नाही, कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, रंग थोडे सरकतात आणि शाई बोटांना लागते. हे सगळं गृहीत धरून डिझाइन केलंत तर मजा आहे. ऑफसेटसाठी, म्हणजे नेहमीच्या चार रंगांच्या छपाईसाठी, केलेलं डिझाइन तिथे नेऊन टाकलंत तर मनस्ताप. गडद कागदावर दाट, जाड थर हवा असेल तर स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईला, पर्याय नाही.

छापखान्यात स्वतः जा, हे मात्र पुन्हा सांगेन. १८९४ च्या डिसेंबरात सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीला नव्या वर्षाच्या आत 'जिस्मोंदा' नाटकाचं पोस्टर हवं होतं. सुट्ट्यांमुळे नेहमीचे कलाकार गावाला गेलेले. पॅरिसच्या लेमर्सिए छापखान्यात त्या वेळी आल्फोन्स मुखा हा चेक चित्रकार एका मित्राची प्रूफं तपासत बसला होता. काम त्याच्याकडे गेलं, १ जानेवारी १८९५ ला पोस्टर भिंतींवर लागलं आणि बर्नहार्टने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. नशीब म्हणा, पण तो घरी बसलेला नव्हता. मलाही कामं मिळाली ती बऱ्याचदा मशीनपाशी चहा पिताना झालेल्या ओळखींतून. पोर्टफोलिओ बघून बोलावणारे फार थोडे.

आता स्वतःच्या भिंतीचं. डिझायनरची पोस्टर्स कलादालनात लावावीत की नाही हा वाद जुनाच आहे, आणि माझ्या मते केव्हाच निकालात निघालेला. फ्रेंच चित्रकार लॉत्रेकचं 'मुलँ रूज' या पॅरिसच्या नृत्यगृहाचं पोस्टर १८९१ मध्ये रस्त्यावर लागलं आणि त्या काळात शौकीन लोक अशी पोस्टर्स भिंतीवरून ओली करून सोलून न्यायचे. पोलंडमध्ये वॉर्सॉच्या विलानूफ भागात १९६८ पासून खास पोस्टरचं संग्रहालय आहे. तरी उद्घाटनाला कुणीतरी विचारतंच, 'हे हाताने काढलंय की कॉम्प्युटरवर?' चिडू नका. टेबलावर कच्ची स्केचेस, टाकून दिलेले पर्याय आणि छपाईचे रंग वेगळे करून काढलेले ताव ठेवा. माणसं त्या टेबलापाशी भिंतीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

लावायचं काय? काल्पनिक चित्रपटांची पोस्टर्स, गाजलेल्या वाक्यांची पोस्टर्स ही पहिली उडी असते आणि तिथेच बहुतेकांचं काम एकमेकांसारखं दिसायला लागतं. पोस्टरला खरी तारीख, खरी जागा, खरं काहीतरी सांगायचं असलं की त्यात ताण येतो. म्हणून वर सांगितलेली प्रदर्शनांची कामंच जमवा. तीन-चार वर्षांत एका भिंतीपुरती चांगली पोस्टर्स होतात. त्यात समितीने नाकारलेले आराखडेही घाला, पण एकदोनच. नाकारलेल्या कामांचीच भिंत केलीत तर ती तक्रारवही होते.

विक्रीच्या प्रतींबद्दल प्रामाणिक राहा. स्क्रीन प्रिंट किंवा रिसोची ठरावीक आवृत्ती असेल तर खाली पेन्सिलीने ७/४० असं लिहावं, म्हणजे चाळीसपैकी सातवी. एकदा चाळीस म्हटलं की एकेचाळिसावी निघत नाही. हव्या तेवढ्या काढता येणाऱ्या डिजिटल प्रतींवर असे आकडे घालणं मला पटत नाही. सही करा, पुरे. अनेक गॅलऱ्या विक्रीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वाटा घेतात, तो धरूनच किंमत ठरवा आणि बाहेरही त्याच किमतीला विका. घरून स्वस्त विकलंत तर गॅलरी पुन्हा दार उघडत नाही.

लटकवताना पोस्टरचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर यावा. समजा फ्रेमची उंची ६० सेंमी आहे आणि तार ताणली की ती वरच्या कडेच्या ५ सेंमी खाली येते. तर खिळा १५० + ३० − ५, म्हणजे १७५ सेंमीवर. वेगवेगळ्या उंचीच्या फ्रेम एका ओळीत लावताना वरच्या कडा जुळवायचा मोह होतो. मध्य जुळवा, भिंत शांत दिसते. गुंडाळून आणलेली पोस्टर्स आधी दोन दिवस उलट्या बाजूने सपाट, वजनाखाली ठेवा. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्स प्रकाश धरतात. आठवडाभराच्या प्रदर्शनाला इतकं काटेकोर व्हायची गरज नाही, पण खिडकीतून थेट ऊन पडणारी भिंत नको. फ्लोरोसंट शाया उन्हात फार लवकर फिकटतात.

नोकरीचा भाग राहिला. बाहेरची कामं घेण्याबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. ऑफिसचं मशीन, ऑफिसच्या परवान्याचे फाँट या कामाला वापरू नका, कारण परवाना त्यांच्या नावावर असतो. रात्रीचा वेळ जातो, हे खरंच आहे. वर्षाला मोजकीच पोस्टर्स घ्या आणि एखाद्या मंडळाशी सूर जुळला तर त्यांचीच सलग काही वर्षं करा. योसेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरने झुरिकच्या टोनहाले संगीतसभागृहासाठी वर्षानुवर्षं पोस्टर्स केली, १९५५ चं 'बेथोव्हेन' पोस्टर त्यातलंच. सुटी सुटी दहा मंडळं सांभाळण्यापेक्षा एका मंडळाबरोबर विश्वास वाढत जातो आणि दरवर्षी थोडं जास्त करू देतात.

आणि चांगलं झालेलं काम बाहेर पाठवा. वॉर्सॉचं आंतरराष्ट्रीय पोस्टर बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं स्पर्धा-प्रदर्शन, १९६६ पासून आहे, फिनलंडमधल्या लाहतीचं पोस्टर-प्रदर्शन १९७५ पासून, जपानमधल्या तोयामाचं, दर तीन वर्षांनी भरणारं, १९८५ पासून. लहानशा गावातल्या तीन दिवसांच्या प्रदर्शनाचं पोस्टर तिथे मोठ्या नाट्यगृहाच्या पोस्टरशेजारी बसू शकतं, ग्राहक किती मोठा हे परीक्षक बघत नाहीत. नियम दरवेळी वाचा. सहसा गेल्या एकदोन वर्षांतलं काम मागतात. त्यासाठी प्रत्येक छपाईतल्या तीन-चार कोऱ्या प्रती गुंडाळी न करता, सपाट, त्याच दिवशी बाजूला काढा. प्रदर्शन उतरल्यावर भिंतीवरून काढलेल्या प्रतीच्या कोपऱ्यांना टेपच्या खुणा असतात आणि ती कुठेच पाठवता येत नाही.